सकळ लिपी आणि खिशांतील यंत्र

वाङ्मयचर्चेस वाहिलेल्या मासिकांत स्मार्टफोनांतील ॲपांचें परीक्षण यावें, हें आमच्या कांहीं वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. काव्य, नाटक, निबंध हा आमचा प्रांत. यंत्रें आणि त्यांतील सोयी हा दुकानदारांचा. तथापि थोडा विचार केला असतां ही वांटणी टिकत नाहीं असें दिसून येईल. आज मराठी कुटुंबांत जें कांहीं लिहिलें जातें, त्याचा मोठा भाग कागदावर उतरतच नाहीं. मुलीचें सासरहून आईस येणारें पत्र, वडिलांनीं मुलास केलेला उपदेश, लग्नाची याद, मृत्यूची वार्ता, उसन्या पैशांचा तगादा, हें सारें खिशांतील यंत्रावर लिहिलें जातें आणि तसल्याच यंत्रावर वाचलें जातें. शिवाय ॲप ही वस्तुतः एक लिखित संहिताच होय. ती कोणीतरी कांहीं हेतु मनांत धरून रचिलेली असते, तिच्यांत कर्त्याची वृत्ति उतरलेली असते, आणि जो तिचा उपयोग करतो त्याच्यावर तिचा परिणाम होतो. फरक इतकाच कीं, कांहीं संहिता वाचावयास मिळतात आणि कांहीं मिळत नाहींत. ज्यांची मूळ संहिता कोणासहि पाहतां, तपासतां आणि सुधारतां येते, त्या ॲपांस ‘ओपन सोर्स’ अथवा मुक्तस्रोत म्हणतात. अशा ॲपांपैकीं जीं वापरणाराचें खाजगीपण राखूं पाहतात, त्यांचा गुणदोषविचार प्रस्तुत लेखांत आम्हीं योजिला आहे.

ह्या विचारास बीड जिल्ह्यापासून आरंभ करण्याचें कारण प्रादेशिक अभिमान हें नव्हे. लेखन उघडें असावें कीं झांकलेलें, ह्या प्रश्नाचीं दोन्ही उत्तरें मराठीनें ज्या भूमींत दिलीं, ती ही भूमि होय. अंबाजोगाई हें आद्यकवि मुकुंदराजांचें स्थान म्हणून परंपरा सांगते. पंडितांच्या संस्कृतांत राहिलेलें वेदान्तज्ञान शके १११० च्या ‘विवेकसिंधू’नें मराठी माणसास मोकळें केलें. त्याच गांवीं पुढें दासोपंतांनीं पंचीकरणाचा गहन विषय एका लांबलचक पासोडीवर अक्षरांनीं आणि आकृत्यांनीं मांडला. पासोडी ही पसरून पाहण्याची वस्तु. ती भिंतीवर उलगडली म्हणजे दहा माणसांस एकदम वाचतां येते, आणि कोठें चुकलें असेल तर तेंहि दहा माणसांस दिसतें.

आतां ह्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास जाऊं. गेवराई तालुक्यांत गोदातीरीं पांचाळेश्वर हें महानुभावांचें पूज्य स्थान आहे. मराठी गद्याचा पाया ह्या पंथानें घातला. ‘लीळाचरित्र’ हें ज्ञानेश्वरीच्याहि थोडें आधींचें मानलें जातें. परंतु पुढें चौदाव्या शतकापासून पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, अंक इत्यादि सांकेतिक लिप्यांत उतरून घेण्यास सुरुवात केली. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर किंवा चिन्ह योजावयाचें, असें सकळ लिपीचें साधारण स्वरूप आहे. पवित्र वचन अनधिकाऱ्याच्या हातीं पडूं नये ही त्यामागील भावना, आणि त्या धामधुमीच्या काळांत तिला कारणेंहि होतीं. तिची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परिणाम मात्र असा झाला कीं, मराठीचा हा अमोल ठेवा पंथाबाहेरील वाचकांस कित्येक शतकें दिसलाच नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे प्रभृति संशोधकांस लिपीची किल्ली लाभली. आणि ती लाभतांच एक पोथी नव्हे, तर सगळें कपाटच्या कपाट उघडलें.

ह्या इतिहासांत गुप्तलेखनाच्या शास्त्राचा एक मोठा धडा सांठविलेला आहे. १८८३ मध्यें ऑग्युस्त केर्कहॉफ्स नांवाच्या पंडितानें एका फ्रेंच लष्करी नियतकालिकांत असा सिद्धान्त मांडला कीं, गुप्तलेखनाची पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी नुकसान होतां कामा नये. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली. सकळ लिपींत पद्धति हीच किल्ली होती. म्हणून एकदां कळली कीं सर्वच कळलें. आधुनिक शास्त्रानें ही व्यवस्था बदलली. लिपी चव्हाट्यावर मांडलेली असते. जगांतील कोणाहि गणितज्ञानें ती तपासावी आणि तिचे दोष दाखवावे. परंतु पत्राची किल्ली लिहिणाराच्या आणि वाचणाराच्या फोनाबाहेर जात नाहीं. थोडक्यांत, लिपी उघडी आणि पत्र बंद.

आपल्या नेहमींच्या वापरांतील सेवांकडे पाहिलें असतां हें सूत्र बहुधा उफराटें झालेलें आढळतें. तेथें लिपी बंद आणि पत्र उघडें! ॲप आंत काय करीत आहे तें आम्हांस पाहतां येत नाहीं. आम्ही कोठें जातों, कोणाशीं किती वेळ बोलतों, काय शोधतों, कोणत्या जाहिरातीपाशीं थबकतों, तें मात्र ॲपाच्या मालकास दिसतें. आमच्या मतें सर्व वादाचें मूळ ह्या उलटापालटींत आहे. ‘मुक्तस्रोत’ आणि ‘खाजगीपण’ हे शब्द प्रथम ऐकणारास परस्परविरुद्ध वाटतात. एक उघडें ठेवा म्हणतो, दुसरा झांका म्हणतो. परंतु काय उघडावयाचें आणि काय झांकावयाचें, हें एकदां नीट ठरविलें म्हणजे हा विरोध उरत नाहीं. यंत्र उघडें असावें, माणूस झांकलेला असावा.

कोणी म्हणेल, हीं दुखणीं मुंबई-पुण्याच्या सुखवस्तु लोकांचीं. पाण्याच्या टँकराची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यास त्यांचें काय? आमचें मत नेमकें उलट आहे. बीड हा ऊसतोडणी कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी, केज ह्या भागांतून टोळ्याच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत कोयता घेऊन जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. आईबाप फडांत, आजीआजोबा आणि शाळेंतील मुलें गांवीं, असे घराचे दोन तुकडे होतात. आणि ते दोन तुकडे पांचसहा महिने फोनाच्या एका धाग्यानें बांधलेले असतात. मुकादमाची उचल, तिचा हिशोब, आजाऱ्याची खबर, मुलाचा परीक्षेचा निकाल, सर्व त्याच धाग्यावरून. गांवीं राहिलेल्या शेतकऱ्यासहि फोन टाळतां येत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि आपल्या शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र घेऊन, सातबाऱ्यावरील नोंद ॲपानें करावयाची असा प्रघात पडला. ज्या वस्तूवांचून पिकाची नोंद होत नाहीं, ती चैनीची वस्तु कशी म्हणावी?

आणि खाजगीपण म्हणजे काय, हें गरिबास शिकवावें लागत नाहीं. तो त्यास अब्रू म्हणतो. करोनाच्या काळांत तात्काळ कर्ज देणाऱ्या कांहीं ॲपांनीं देशभर जो अनर्थ केला, तो वाचकांस आठवत असेल. कर्ज देण्यापूर्वीं फोनांतील नांवांची यादी आणि छायाचित्रें उचलावयाचीं. आणि हप्ता चुकला कीं सासऱ्यास, मास्तरांस, शेजाऱ्यास फोन करून ऋणकोची विटंबना करावयाची, असा तो धंदा. रिझर्व्ह बँकेस सप्टेंबर २०२२ मध्यें नियम काढून कर्जाच्या ॲपांस संपर्कयादी, छायाचित्रें आणि फोनांची नोंद चाळण्याची मनाई करावी लागली. मुकादमाची वही ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ह्यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. वही त्याची, अक्षर त्याचें, आंकडा त्याचा; अंगठा तेवढा आपला. न वाचतां येणाऱ्या ॲपावर ‘मान्य आहे’ म्हणून बोट टेंकणें, हाहि एक अंगठाच होय.

आतां प्रत्यक्ष परीक्षणाकडे वळूं. आमच्या कसोट्या तीन. मूळ संहिता वाचावयास मोकळी आहे काय? वापरणाराचें पत्र खरोखर बंद राहतें काय? आणि मराठी माणसास, तेंहि तालुक्याच्या गांवच्या मराठी माणसास, तें ॲप सुखानें वापरतां येतें काय?

प्रथम निरोपांची देवघेव. येथें सिग्नल ह्या ॲपास अग्रमान द्यावा लागतो. त्याची संहिता खुली आहे, जाहिरात नाहीं, आणि २०१८ पासून तें एका सार्वजनिक हिताच्या संस्थेच्या हातीं आहे. त्या संस्थेस आरंभीं पांच कोटी डॉलर पुरविणारे ब्रायन ॲक्टन हे व्हॉट्सॲपचेच एक संस्थापक, हा योगायोग बोधप्रद आहे. न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, व्हॉट्सॲपनें एप्रिल २०१६ मध्यें सिग्नलचीच गुप्तलेखनपद्धति सर्वत्र लागू केली; तेव्हां तेथील निरोपाचा मजकूर वाटेंत कोणास वाचतां येत नाहीं. परंतु पत्र बंद असलें तरी लखोट्यावरील ठसे राहतातच. कोणी कोणास, कितीदां, कोणत्या वेळीं लिहिलें, हें ज्यास कळतें त्यास न वाचतांहि पुष्कळ कळतें. शिवाय व्हॉट्सॲपची स्वतःची संहिता खुली नाहीं. २०२१ मध्यें त्या कंपनीनें नवें धोरण पुढें करून ‘मान्य करा, नाहीं तर सोडा’ अशी भाषा वापरली, आणि त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानें नोव्हेंबर २०२४ मध्यें मेटा कंपनीस २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढें अपिलांत गेलें. सिग्नल लखोट्यावरील ठसेहि शक्य तितके पुसतें. त्याचे दोष मात्र लहान नाहींत. नांवनोंदणीस फोनक्रमांक लागतोच, आणि सर्व कारभार अमेरिकेंतील एका संस्थेच्या हातीं एकवटला आहे. सर्वांत मोठा दोष त्याचा स्वतःचा नव्हेच: पत्र एकट्यानें लिहितां येत नाहीं. शाळेचा गट, भजनी मंडळाचा गट, टोळीचा गट, सर्व व्हॉट्सॲपवर असतां एकट्या माणसानें सिग्नल घेणें म्हणजे ओस गांवांत टपालपेटी लावण्यासारखें आहे. म्हणून हा बदल व्यक्तीनें नव्हे, घरानें करावयाचा आहे.

दुसरा विषय ॲपांच्या दुकानाचा. येथें एक मोठी विसंगति आढळते. अँड्रॉइड ही फोनाची व्यवस्था मुळांत मुक्तस्रोत आहे. तिच्या बुडाशीं लिनक्स आहे. परंतु बाजारांत मिळणाऱ्या फोनांत तिच्यावर गूगलच्या बंद सेवांचा एक थर चढविलेला असतो, आणि पुष्कळशीं ॲपें त्या थरावांचून चालत नाहींत. मूळ ग्रंथ उघडा, पण टीका कुलुपांत, आणि टीकेवांचून मूळ लागूं नये, अशी ही रचना आहे. ह्या मक्तेदारीबद्दल स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्यें अपील न्यायाधिकरणानें कांहीं आदेश रद्द केले, परंतु दंडाची रक्कम कायम ठेविली. ह्या दुकानास पर्याय म्हणून एफ-ड्रॉइड हें भांडार २०१० पासून चालू आहे. त्यास दुकान म्हणण्यापेक्षां ग्रंथालय म्हणणें अधिक शोभेल. ज्याची संहिता खुली नाहीं तें ॲप तेथें घेत नाहींत. आणि घेतलेल्या ॲपांत जाहिरात असेल, पाळत असेल, किंवा तें दुसऱ्या एखाद्या बंद सेवेवर अवलंबून असेल, तर तसा स्पष्ट शेरा त्याच्या पानावर छापतात. ग्रंथाच्या वेष्टनावरच परीक्षकाचा प्रतिकूल अभिप्राय छापण्याची ही चाल मराठी प्रकाशकांनींहि अनुसरावी असें आम्हांस वाटतें! भांडारांतील मराठी मात्र तुटपुंजी आहे, आणि जो माणूस सरळ नांव शोधून ॲप घेऊं पाहील त्यास ओळखीचीं नांवें तेथें बहुधा सांपडणार नाहींत. ऑगस्ट २०२५ मध्यें गूगलनें जाहीर केलें कीं, पुढें अँड्रॉइड फोनांवर दुकानाबाहेरून येणाऱ्या ॲपांच्या कर्त्यांसहि आपली ओळख कंपनीकडे नोंदवावी लागेल. एफ-ड्रॉइडच्या चालकांनीं ह्यास कडाडून विरोध केला, आणि जाणत्या वापरणारांकरितां वाट मोकळी ठेवूं असें कंपनीस नंतर सांगावें लागलें. फसव्या ॲपांस आळा बसावा हें आम्हांसहि हवें आहे. परंतु आपल्या पैशानें घेतलेल्या फोनांत कोणता ग्रंथ ठेवावा, ह्याचा परवाना सदैव एकाच दारीं मागावा लागणें बरें नव्हे.

फोनाची सर्व व्यवस्थाच बदलून लिनिएजओएस, ई-ओएस इत्यादि मुक्त व्यवस्था बसविणारेहि उत्साही लोक आहेत. कंपनीनें टाकून दिलेल्या जुन्या फोनास त्यामुळें नवें आयुष्य लाभतें, ही काटकसरीची गोष्ट स्तुत्य आहे. परंतु तें काम कुशल हाताचें आहे. आणि पुष्कळ बँकांचीं ॲपें अशा फोनावर चालण्याचें नाकारतात. ज्या घरीं एकच फोन आहे आणि त्यावरच मजुरी जमा झाल्याचा निरोप येतो, त्या घरास हा प्रयोग करा असें आम्ही सांगणार नाहीं.

तिसरा विषय नकाशाचा, आणि येथें मुक्तस्रोताची बाजू सर्वांत सरस आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनींच काढलेला जगाचा नकाशा २००४ मध्यें इंग्लंडांत सुरू झाला. ऑर्गॅनिक मॅप्स, ऑसमँड हीं ॲपें त्यावर चालतात. एकदां जिल्ह्याचा नकाशा फोनांत उतरवून घेतला म्हणजे जाळें नसतांहि तो दिसतो, आणि आपण कोठें आहों हें कोणास कळवावें लागत नाहीं. बालाघाटाच्या घाटवाटांत, जेथें वळणागणिक फोन मुका होतो, तेथें हा गुण फार मोलाचा. दोष असा कीं, हा नकाशा तेथील रहिवासी जितका संपन्न करतील तितकाच संपन्न. वाडी, वस्ती, तांडा, बारव, ओढा, पाणंद हीं नांवें शहरांत बसलेल्या माणसास कोठून ठाऊक असणार? बंद नकाशांत आपण फार तर अर्ज करतों. येथें आपण स्वतः लिहितों, आणि इंग्रजी नांवाबरोबर मराठी नांवासहि स्वतंत्र स्थान आहे. एखाद्या माध्यमिक शाळेच्या शिक्षकानें आपल्या वर्गाकडून पंचक्रोशींतील स्थळनांवें अशा रीतीनें नोंदवून घेतलीं, तर भूगोल आणि मराठी ह्या दोन्ही विषयांचा तो उत्तम पाठ होईल. स्थळें लिहावीं, माणसें लिहूं नयेत, एवढें पथ्य पाळलें म्हणजे झालें.

चवथा विषय कळफलकाचा. ह्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. परंतु फोनांत लिहिलेलें प्रत्येक अक्षर त्याच्याखालून जातें, परवलीचा शब्दहि आणि शोकाचें पत्रहि. इंडिक कीबोर्ड हें मुक्तस्रोत ॲप मुख्यतः ‘स्वतंत्र मलयाळम् कंप्युटिंग’ ह्या केरळांतील मंडळाच्या कार्यकर्त्यांनीं सिद्ध केलें, आणि त्यांत मराठीसहि जागा दिली. मराठीची ही सेवा मलयाळी तरुणांनीं करावी, हें जितकें आनंदाचें तितकेंच आम्हांस विचार करावयास लावणारें आहे. हेलीबोर्ड हा दुसरा कळफलक तर इंटरनेटची परवानगीच मागत नाहीं. लिहिलेलें बाहेर जाण्यास दारच ठेविलेलें नाहीं. परंतु तिसऱ्या कसोटीस दोघेहि कमी पडतात. मराठी शब्द सुचविण्यांत ते मागें आहेत, आणि बोललेलें लिहून घेण्याच्या बाबतींत बड्या कंपन्यांची सोय फारच पुढें गेली आहे. अक्षरओळख बेताची असलेल्या आजीस किंवा थरथरत्या हाताच्या आजोबांस ही सोय सोडा म्हणून सांगणें निर्दयपणाचें होईल. येथें उपाय टीकेनें नव्हे, श्रमानें होणार. मद्रासच्या आय.आय.टी.मधील ‘एआय-फॉर-भारत’ ह्या गटानें भारतीय भाषांचीं साधनें खुलीं केलीं आहेत; मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ ह्या उपक्रमांत कोणासहि मराठी वाक्यें वाचून आपला आवाज दान करतां येतो. त्या सांठ्यांत केवळ पुणेरी उच्चार जमा झाले, तर उद्यांच्या यंत्रास अंबाजोगाईची आणि माजलगांवची बोली कळणार नाहीं. बोली जगविण्याविषयीं परिसंवाद पुष्कळ होतात. त्यांतील एक तास ह्या कामीं द्यावा.

आतां पूर्वपक्षाचा विचार. पहिला आक्षेप असा कीं, आमच्यापाशीं लपविण्यासारखें कांहींच नाहीं. परंतु रात्रीं दारास कडी लावणारा प्रत्येक गृहस्थ घरांत चोरीचा माल ठेवून असतो काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें खाजगीपणास मूलभूत हक्क म्हटलें, तें कांहीं गुन्हेगारांच्या सोयीकरितां नव्हे. ज्या घरांत एकाच फोनावर सून, सासू आणि शिकणारी मुलगी ह्यांचे निरोप येतात, त्या घरास खाजगीपणाचा अर्थ न्यायालयापेक्षांहि अधिक कळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संहिता उघडी असली म्हणून काय झालें? बीडच्या मोंढ्यांत ती वाचणार कोण? ह्याचें उत्तर गोदावरीच्या कांठींच आहे. ज्ञानेश्वरी वाचणारांपैकीं पाठभेद तपासणारे कितीसे होते? परंतु पोथ्या उपलब्ध होत्या म्हणून पैठणास एकनाथांस शके १५०६ मध्यें प्रती ताडून पाहून शुद्ध संहिता सिद्ध करतां आली. आणि त्या एकाच्या श्रमाचें फळ लक्षावधि वारकऱ्यांस मिळालें. सर्वांनीं वाचलेंच पाहिजे असें नाहीं. ज्यास वाचावयाचें आहे त्यास मज्जाव नसावा. एकनाथांनीं शुद्ध केलेल्या ग्रंथांत यापुढें कोणी आपल्या ओव्या घालूं नयेत अशी ताकीदहि दिली, हें मार्मिक आहे. मुक्तस्रोतांतहि नेमकी हीच शिस्त असते: कोणासहि सुधारणा सुचवितां येते, परंतु मूळ प्रतींत काय घ्यावें तें जबाबदार संपादक ठरवितो.

तथापि उघडेपणाचें स्तोम माजविणेंहि आम्हांस मान्य नाहीं. उघडें पुस्तक कोणी वाचलेंच नाहीं तर त्यांतील चूक तशीच राहते. २०१४ मध्यें ‘हार्टब्लीड’ नांवाचा जो भयंकर दोष सांपडला, तो जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मुक्तस्रोत साधनांत दोन वर्षें सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होता. उलट मार्च २०२४ मध्यें ‘एक्सझेड’ ह्या साधनांत कोणी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा एका अभियंत्याच्या चिकाटीनें वेळींच पकडला गेला. संहिता हातीं होती म्हणूनच त्यास माग काढतां आला. दोन्ही गोष्टींचें तात्पर्य एकच. हीं साधनें मूठभर लोक, पुष्कळदां विनावेतन, सांभाळीत असतात. आणि ‘फुकट’ म्हणून आपण तीं वापरतों. कीर्तनकारास बिदागी न देतां नित्य कीर्तन ऐकणारास कीर्तन बंद पडल्यावर तक्रार करण्याचा अधिकार राहत नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, हें सारें सरकारनें पाहावें. त्यांतहि तथ्य आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्यें झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. कायदा हवाच, पण तो चोरी झाल्यावर धांवतो. सरकारकडून आमची अपेक्षा निराळी आहे. आरोग्य सेतु ह्या ॲपावर गदारोळ झाला तेव्हां मे २०२० मध्यें त्याची अँड्रॉइडवरील संहिता सरकारनें खुली केली. म्हणजे तसें करणें अशक्य नाहीं. ज्या ॲपानें शेतकऱ्याचें पीक नोंदविलें जातें, ज्यावर अंगणवाडीसेविका बालकांचें वजन लिहिते, जें नागरिकास ऐच्छिक उरलेलें नाहीं, त्याची संहिता नागरिकास पाहावयास मोकळी असावी, आणि तें ॲप एका कंपनीच्या दुकानाबाहेरहि मिळावें. सातबारा ज्या न्यायानें उघडा दस्तऐवज आहे, त्याच न्यायानें सातबारा लिहिणारी लेखणीहि उघडी असावी.

आमचा एकंदर अभिप्राय असा. नकाशा आणि कळफलक ह्या दोन गोष्टी कोणाहि कुटुंबास आजच बदलतां येतील. त्यांत कोणाची संमति लागत नाहीं, आणि नाहीं जमलें तर परत फिरतां येतें. निरोपांचें ॲप घरानें मिळून बदलावें. निदान घरांतील माणसांचा आपसांतील संवाद सिग्नलवर न्यावा आणि बाकीच्या जगासाठीं व्हॉट्सॲप राहूं द्यावें. सर्व एकदम टाकण्याचा हट्ट धरणारे बहुधा आठवड्याच्या आंत सर्व पुन्हां घेऊन बसतात. मुक्तस्रोत ॲपें आज गुणांनीं परिपूर्ण नाहींत. मराठीच्या बाबतींत तर तीं स्पष्टपणें उणीं आहेत. परंतु त्यांचें उणेपण आपणांस दिसतें आणि भरून काढतां येतें, हाच त्यांचा आणि बंद ॲपांचा मुख्य भेद. बंद ॲपाची उणीव आपणांस सोसावी लागते.

शेवटीं आमच्या सुशिक्षित वाचकांस एक सूचना. आपल्या घरीं काम करणाऱ्या मावशींचा, शेतावरील सालगड्याचा, शेजारच्या वस्तींतील ऊसतोड्याचा नवा फोन बहुधा आपल्याच घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी लावून देते. त्या अर्ध्या तासांत ती व्यक्ति ‘मान्य आहे’ वर शंभर वेळां बोट ठेवते, तेंहि दुसऱ्याच्या वतीनें. येत्या दसऱ्यास टोळ्या निघण्यापूर्वीं असा फोन हातीं आला, तर प्रत्येक परवानगी वाचून, तिचा अर्थ त्या माणसास मराठींत सांगून, मग विचारावें: मामा, ह्या ॲपास तुमच्या फोनांतील सगळीं नांवें द्यावयाचीं का? उत्तर काय येईल तें येवो. प्रश्न आजवर त्यास कोणी विचारलेला नव्हता.